बिनभोकाचा डोंगर

आठवा महिना, पाचवी तिथी

रोज नाही, पण काही घडलं की लिहायचं असं ठरवलं आहे. कचेरीत रद्द झालेल्या बांबूच्या पट्ट्या फुकट मिळतात. वरचा मजकूर चाकूने तासला की पट्टी पुन्हा कोरी. सव्वीस वर्षं मी जिल्हा कचेरीत धान्यकोठाराच्या नोंदी लिहितोय. चुकलेलं तासणं हेच माझं खरं कौशल्य. लिहायला काय, कुणालाही येतं.

आज शांग्वान महाशयांनी मला बाजूला घेतलं. ‘सुपुत्र व निर्मळ’ म्हणून आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी एक नाव मोठ्या हुद्द्यासाठी राजधानीला जातं, ते कुणाचं हे हेच गृहस्थ ठरवतात.

“बाओ, वडील कसे आहेत तुझे?”

“बरे आहेत, महाशय.”

“अरेरे,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हणाले, “म्हणजे, उत्तम. वय काय?”

“एकोणऐंशी.”

“मग पुढची तयारी वगैरे केली असशीलच. तयारीवरून मुलगा कळतो. थडग्यात काय ठेवलं, विधीला धरून आहे की नाही, लोक बघतात. मीही बघतो.”

बघतातच. मागच्या खेपेला नाव गेलं दू मिआओचं. आई गेल्यावर हा पठ्ठ्या तिच्या थडग्याशेजारी झोपडी बांधून तीन वर्षं राहिला, नुसत्या पातळ पेजेवर. त्या पेजेने त्याचा कंबरपट्टा चार बोटं वाढला, पण अश्रू ढाळणाऱ्याच्या कंबरेकडे कोण बघतो? आता तो राजधानीत उंच टोपी घालून फिरतो.

घरी आलो तर बाबा अंगणात राळ्याची पेज फुर्र फुर्र करून पीत होते. डोळे गेल्या वर्षी गेले, भूक जागेवर आहे. शवपेटी नऊ वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. सध्या आम्ही तिच्यात सोयाबीन साठवतो.

नाव दहाव्या महिन्यात वर जातं. बाबांकडे बघताना हा हिशेब मनात आला आणि मी तो लगेच तासून टाकला. पण तासलं तरी पट्टीवर ओरखडा राहतोच.

नववी तिथी

कचेरीला न्हाण्यासाठी मिळते ती सुट्टी. न्हाणं उरकून निए कुंभाराच्या भट्टीवर गेलो. हा निए फक्त मेलेल्यांसाठी भांडी करतो, त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाइकाची तक्रार कधी येत नाही.

बाबांसाठी चूल घेतली, विहीर घेतली, कोठार घेतलं, आणि खाली डुक्कर बांधलेलं शौचालय घेतलं. सगळं मातीचं, वीतभर उंचीचं. जिवंतपणी बाबांना इतकं सोयीचं घर मिळालं नव्हतं. राहिली डोंगराची धूपदाणी. खाली पाय, त्यावर वाडगा, वर झाकण म्हणून अमरांचा डोंगर, शिखरांवर शिखरं, मध्ये अस्वलं आणि लांब कानांचे अमर. मोठे लोक ती काशाची करवून त्यावर सोनं चढवतात. आमच्यासारखे मातीची करून हिरवी झिलई देतात. लांबून ती काशाचीच वाटते, बघणाऱ्याचे डोळे बाबांसारखे असले तर.

“कुठला डोंगर पाहिजे, कारकूनभाऊ?” निएने विचारलं.

“किती आहेत?”

“एकच. साचा एकच आहे. पण विचारायची पद्धत असते.”

विसावी तिथी

धूपदाणी आली. बाबांना दाखवली, म्हणजे मांडीवर ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी ती चाचपायला सुरुवात केली. आधी पाय, मग वाडगा, मग झाकण, एकेक शिखर, एकेक खाच. पेजेचा वाडगा बाजूला गार होत होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

“तान,” ते म्हणाले (कचेरीतला बाओ घरी तान असतो), “भोकं कुठायत?”

“कसली भोकं?”

“धूर कुठून येणार?”

“बाबा, ही थडग्यातली धूपदाणी आहे. तिथे धूर कोण करणार?”

“मग डोंगर कशाला केलाय? डोंगराला धुकं लागतं. धुक्याशिवाय तो नुसता ढेकूळ. परत नेऊन दे. आणि मला आत्ता लावायची आहे.”

“आत्ता? ती मेलेल्या माणसाची वस्तू आहे!”

“मग थांबलायस कशासाठी?” बाबा म्हणाले. “तुझ्या कचेरीत विचारून घे, मी कधी मेलेलं चालेल.”

जिंग, माझी बायको, चुलीपाशी खाली मान घालून हसत होती.

एकविसावी तिथी

निएकडे गेलो. भोकं पाडून दे म्हणालो, तर त्याने हातातला चिखल खाली टाकला.

“कारकूनभाऊ, तुम्ही शिकलेले. मेलेल्याची वस्तू चालती असून भागतं का? मी मडक्याचा तळ कच्चा ठेवतो. तंतुवाद्य करतो त्याला तार लावत नाही. चुलीला तोंड असतं, पण जाळ धरत नाही ती. का?”

“का?”

“चालती वस्तू पुरली की मेलेला तिच्यासाठी उठतो. उठला की त्याला घर आठवतं. मग येऊन दार ढकलतो. माझ्या चुलत्याने एका सावकाराच्या घरी खऱ्या चाकांची गाडी दिली होती. सावकार महिनाभर रोज येत होता.”

“येऊन काय करायचा?”

“करणार काय? सुनेच्या हातच्या जेवणाला नावं ठेवायचा. जिवंतपणी ठेवायचा तशीच.”

मी खूप समजावलं. तो म्हणाला, माझ्या हातून नाही. तीस वर्षांत त्याच्या एकाही डोंगराला भोक पडलेलं नाही, असं तो अशा थाटात म्हणाला की जणू बाकीच्यांच्या डोंगरांना रोज पडतात.

बाबांना सांगितलं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. आंधळ्या माणसाने मान वळवायची काय गरज? पण वळवली.

पंचविसावी तिथी

शांग्वान महाशय अचानक घरी आले. ‘सहज’ आले आणि सोबत दोन लेखनिक घेऊन आले. बाबांनी त्यांच्या आवाजावरून त्यांना डुकरं विकायला आलेला समजून भाव विचारला. मी मधे पडलो.

महाशयांनी सगळ्या वस्तू पाहिल्या. धूपदाणी उचलली, झाकण उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“छिद्रं नाहीत!”

“नाहीत, महाशय.”

“दू मिआओच्या आईच्या धूपदाणीला छिद्रं होती. नंतर लोक बोलले. मला वर उत्तरं द्यावी लागली. हल्ली विधी कळतो कुणाला? आणि तू, साधा कारकून, बरोबर ओळखलंस.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “यंदा नाव जवळजवळ ठरलेलं समज. फक्त... वेळेत.”

वेळेत म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघेही सभ्य माणसं.

तर माझी बढती आता एका न पाडलेल्या भोकावर उभी आहे. सव्वीस वर्षं इमानाने नोंदी लिहिल्या, त्याचा कुणी उल्लेख केला नाही.

नववा महिना, दुसरी तिथी

बाबांचा खोकला वाढलाय. पेज अर्धी ठेवतात. वैद्य म्हणाला, थंडी पडू द्या, मग बघू. थंडी पडल्यावर तो काय बघणार ते माझ्या लक्षात आलं.

दिवसातून दहादा एकच. “तान, भोकं पाडलीस?” सकाळी भोकं, दुपारी भोकं. जिंग म्हणाली, “अहो, पाडा की एक. काय बिघडतं?”

“एक भोक म्हणजे राजधानी गेली.”

“मग नका पाडू,” ती म्हणाली. “राजधानीत तुम्हाला कुणी ‘तान’ म्हणून हाक मारणार नाही, तेवढीच शांतता.”

ही बाई कधी काय बोलेल सांगता येत नाही. शेवटी नुसती कटकट बंद व्हावी म्हणून मी बाबांना म्हटलं, बरं, एक पाडतो, लहानसं, मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं. कुठे पाहिजे ते दाखवा. त्यांनी बोट फिरवत फिरवत खाली उजवीकडे एका खाचेवर ठेवलं. “इथे. धुकं पहिलं इथूनच निघायचं.”

नेमकं दर्शनी बाजूला.

चौथी तिथी

माती भाजलेली असली तरी मऊ आहे. माझ्या तासायच्या चाकूचं टोक हळूहळू फिरवलं की भुगा निघतो. घाई केली की झिलईचा टवका उडतो. कचेरीत जुन्या नोंदींच्या फडताळामागे बसून दुपारी केलं. कुणी आलंच तर खोकायचं असं ठरवलं होतं. कुणी आलं नाही. जुन्या नोंदी बघायला आमच्याकडे कधीच कुणी येत नाही.

एक पाडलं. संध्याकाळी बाबांनी त्यात करंगळीचं टोक घातलं आणि म्हणाले, “आता इथे.” दुसऱ्या जागी बोट ठेवलं.

म्हटलं, एकच ठरलं होतं. तर म्हणाले, एका भोकाने डोंगराला धाप लागते.

सहावी तिथी

काही विशेष नाही. तीन भोकं.

आठवी तिथी

आणखी तीन. एकूण सात झाली. चाकूचं टोक मोडलं. आता या चाकूने पट्टी नीट तासता येत नाही, ओबडधोबड खरवडली जाते. म्हणून इथून पुढे चुकेल ते तसंच राहील.

मी हे का करतोय याचा नीट विचार केला. कटकट बंद व्हावी म्हणून, दुसरं काही नाही. महाशयांना दाखवायच्या दिवशी भोकं मेणाने बुजवून वर हिरवा रंग लावता येईल.

नववी तिथी

नवव्या महिन्याची नववी, उंचावर चढायचा सण. सगळं गाव शेवंतीची दारू घेऊन टेकडीवर गेलं. बाबा उठू शकत नाहीत, म्हणून डोंगरच त्यांच्या उशाशी ठेवला.

दक्षिणेचा सुगंधी धूप आणला होता. तो नको म्हणाले, रानातला दवणा हवा. जिंगने कुठून तरी सुकलेला आणला, जणू आधीच आणून ठेवला होता. वाडग्यात निखारा ठेवला, दवणा टाकला, झाकण घातलं. बाबांनी दोन्ही तळवे डोंगरावर धरले.

“पहिला धूर कुठून आला?”

“खालून उजवीकडून.”

“बरोबर. तो झरा. आता?”

“मधल्या शिखराच्या कुशीतून.”

“तिथे दगड आहे सपाट. ती तिथे बसायची.”

“ती कोण?”

“अमर,” बाबा म्हणाले आणि हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. “पाठीला पाटी, पाटीत हाच दवणा. मला बघितलं की म्हणायची, सूर्य कासराभर वर आला, कुठे मेला होतास?”

अमरांमध्ये बायका असतात हे ग्रंथांतरी आहे. पण त्या बाबांसारख्या कोठारातल्या एका मापाड्याची वाट बघत बसतात आणि उशीर झाला म्हणून शिव्या घालतात, हे कुठे वाचलेलं नाही. मी वादात शिरलो नाही. माणसाचं डोकं भरकटलं की सोबत थोडं भरकटावं लागतं.

“वरचं भोक?” मी विचारलं.

“तिथून दोन गावं दिसतात. तिचं आणि माझं.” मग म्हणाले, “तान, हात छान आहे रे तुझा. एकाही कडेला बोट अडत नाही.”

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. माझ्या हाताला बाबांनी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही.

जिंगने भांडी घासताना विचारलं, “अहो, सासूबाईंचं माहेर कुठलं?”

“कुठलंसं डोंगरातलं. मी बारा वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. मला ती आठवते चुलीपुढे बसलेली. का?”

“काही नाही,” ती म्हणाली.

चौदावी तिथी

बाबा सकाळी गेले. वाडग्यात पेज अर्धी होती.

लोकांसमोर किती रडायचं ते मी आधी ठरवून ठेवलं होतं. दू मिआओचा अंदाज घेऊन दोन मूर्च्छा बसवल्या होत्या. एकही जमली नाही. मी तो वाडगा धरून बसलो. पेज गार झाली तेव्हा मला वाटलं, उठावं आणि गरम करून आणावी, त्यांना गार आवडत नाही. फार वाईट वाटतंय. एवढं वाटेल असं वाटलं नव्हतं.

विधीप्रमाणे छपरावर चढून उत्तरेकडे तोंड करून त्यांचा अंगरखा हलवला आणि ‘परत या’ म्हणून तीन हाका मारल्या. विधीप्रमाणे ते आले नाहीत.

जिंगने शवपेटीतलं सोयाबीन काढून पेटी पुसली.

सोळावी तिथी

उद्या वस्तू मांडायच्या. मेण घेऊन बसलो होतो तेवढ्यात निए आला. काखेत गाठोडं. सोडलं तर आत दुसरी धूपदाणी, तीच शिखरं, तीच अस्वलं, भोक एकही नाही.

“वहिनींनी सांगितलं,” तो म्हणाला. “ही मांडा. ती लपवा नाहीतर फोडा. त्यांना ती बरोबर देऊ नका, हात जोडून सांगतो. उठून येतील.”

“निएभाऊ, मी परवा छपरावर उभा राहून घसा फुटेस्तोवर ‘परत या’ ओरडलो. ते विधीत आहे. आणि आता ते परत येतील म्हणून भोक नको, हेही विधीतच आहे?”

निएने विचार केला. “वरून बोलवायचं असतं,” तो म्हणाला, “खालून यायचं नसतं.”

तो गेल्यावर दोन्ही डोंगर शेजारी ठेवून बसलो. डोळे मिटून नवा चाचपून पाहिला. शिखर, खाच, शिखर, खाच. गुळगुळीत, विधीला धरून, आणि कुठेच जायला वाट नाही. मग जुना चाचपला. खाली उजवीकडे बोट आपोआप झऱ्यावर गेलं.

जिंग म्हणाली, “कुठला मांडू?”

राजधानी, उंच टोपी, सव्वीस वर्षं, सगळं मनात आलं. दिवसभर मनात येत राहिलं, इतका काही मी निर्मळ नाही.

सतरावी तिथी

अंगणात वस्तू मांडल्या. लोक आले, डुकराचं कौतुक झालं. शांग्वान महाशय आले, ओळीने बघत बघत धूपदाणीपाशी थांबले. झाकण उचललं. उजेडाकडे धरायची गरजच नव्हती.

“हे काय? छिद्रं?” मग त्यांनी आत बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं सगळ्यांना दाखवलं. “आणि वापरलेली! कुणी?”

“बाबांनी, महाशय.”

“जिवंतपणी? मेलेल्याच्या भांड्यात? तुला कळतं का बाओ, ह्याचा अर्थ काय होतो? मुलाने बापाला जिवंतपणी मेलेला धरलं!”

जमलेले लोक एक पाऊल मागे सरकले. ह्याच लोकांपुढे गेला दीड महिना मी बाबांच्या मरणाची व्यवस्थित तयारी करत होतो, तेव्हा सगळे मला सुपुत्र म्हणत होते.

निए गर्दीतून पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “माझी चूक, महाशय. साच्यातच—”

तीस वर्षांत एका डोंगराला भोक न पाडलेला माणूस. मी त्याचा हात धरून मागे ओढला.

“सातही मी पाडली,” मी म्हटलं. “कचेरीच्या चाकूने, कचेरीच्या वेळेत.”

महाशयांनी बोट कुठे पुसावं ते बघितलं. शेवटी स्वतःच्याच बाहीला पुसलं आणि गेले.

दुपारी बाबांना नेलं. डोंगर त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, झरा बोटांकडे येईल असा. आत दवणा भरला. विस्तव तेवढा ठेवला नाही. ते आयुष्यभर मापाडी होते, दारोदार ओळख काढायची सवय; विस्तव कुठेही मागून आणतील.

दहावा महिना, तिसरी तिथी

नाव गेलं. मिठाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं. त्याचे आईवडील दोघेही धडधाकट आहेत आणि त्याच्याशी बोलत नाहीत. पण दोघांच्या धूपदाण्या तयार आहेत म्हणे, छिद्रांशिवाय.

मी नोंदी लिहायला परत बसलोय. नवा चाकू मागितला तर अर्ज करायला सांगितलं. अर्ज मोडक्या चाकूने तासलेल्या पट्टीवर केला, तो वाचता येत नाही म्हणून परत आला.

निएचा बिनभोकाचा डोंगर घरीच आहे. जिंग त्याच्या वाडग्यात मीठ ठेवते. झाकण चांगलं बसतं, मिठाला ओल लागत नाही. निएला सांगितलं तर म्हणाला, चालती वस्तू झाली की ती, वाईट वाटलं त्याला.

दुपारी जिंग म्हणाली, “ऐका. तुमच्या वाट्याला राजधानी नव्हती. पुढच्या वर्षीच्या नववीला डोंगरावर जाऊ. सासूबाईंच्या माहेरचा आहे ना, तिथे.”

“तिथे काय आहे?”

तिने माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. “दवणा,” ती म्हणाली.

संध्याकाळी ती दाराला अडसर लावायला निघाली.

“राहू दे,” मी म्हटलं. “लाकूड फुगलंय. सकाळी निघत नाही.”

“कुठे फुगलंय? ठणठणीत कोरडं आहे.”

“तरीही.”